लॉनमधलं नको असलेलं गवत सिलेक्टिव्ह तणनाशकाने कसं मारायचं: ओळखण्यापासून फवारणीनंतरपर्यंत सगळं

लॉनमध्ये रुंद पानांचं तण आलं तर फारसं डोकं लावावं लागत नाही, २,४-डी किंवा त्याच्या जातीचं काहीतरी मारलं की रुंद पानवालं वेडंवाकडं होऊन मरतं आणि गवत तसंच राहतं. खरी पंचाईत होते ती लॉनमध्ये गवतच घुसलं की. म्हणजे गवतातून गवत मारायचं, आणि ही दोन्ही एकाच कुळातली, पानं तशीच, मुळं तशीच, आतलं रसायनही जवळपास सारखंच. त्यामुळे "गवतावर चालणारं सिलेक्टिव्ह औषध द्या" असं म्हणून चालत नाही. कुठल्या लॉनमधलं कुठलं गवत, हे सांगितल्याशिवाय औषधाचं नाव सांगता येतच नाही, आणि जो हे न विचारता सांगतो त्याचं ऐकू नका.

माझं मत विचाराल तर यातली निम्म्याच्या वर कामं बाटलीचं झाकण उघडायच्या आधीच बिघडलेली असतात. गवत चुकीचं ओळखलेलं असतं, नाहीतर वेळ निघून गेलेली असते, नाहीतर डोस पाण्याच्या हिशोबाने काढलेला असतो. म्हणून खाली या तीन गोष्टींवर जरा जास्तच लिहिलंय, बाकीचं पटापट उरकतो.

आधी हे औषध "निवडतं" कसं ते

हे समजलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत. निवड होते ती साधारण तीन प्रकारे. एक म्हणजे पचवण्याचा वेग. औषध दोन्ही गवतांच्या आत जातं, पण लॉनचं गवत ते पटकन मोडून निरुपयोगी करतं आणि तण हळू मोडतं म्हणून ते मरतं. यात मेख अशी की लॉन पाण्याविना सुकलेलं असेल, आजारी असेल किंवा कडक उन्हात तापलेलं असेल तर त्याचाही पचवायचा वेग मंदावतो आणि मग त्यालाही फटका बसतो. उलट तण सुकलेलं असेल तर ते औषध नीट ओढूनच घेत नाही. म्हणजे दुष्काळी अवस्थेत फवारणी केली की लॉन भाजतं आणि तण जगतं, सगळं उलटं.

दुसरा प्रकार म्हणजे औषध जिथे जाऊन बसतं ती जागाच त्या गवतात वेगळी असते. सेंटीपीड जातीचं लॉन सेथॉक्सिडिम सहन करतं ते यामुळेच, ज्या एन्झाइमवर ते औषध काम करतं तेच त्याच्यात दाद देत नाही. तिसरा प्रकार जागेचा. उगवणपूर्व तणनाशक जमिनीच्या वरच्या दोन-तीन सेंटीमीटरमध्ये थर करून बसतं, तिथे नुकतंच रुजणारं बी सापडतं आणि त्याची मुळं वाढत नाहीत. जुन्या लॉनची मुळं या थराच्या बरीच खाली गेलेली असतात म्हणून ते वाचतं. यावरून लगेच कळेल की नवीन पेरलेल्या लॉनवर हे का मारायचं नाही.

पायरी पहिली: तुमचं स्वतःचं लॉन कुठलं ते ठरवा

लोक तण ओळखायला धावतात पण आपल्या पायाखालचं गवत कुठलं आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ढोबळ दोन गट आहेत. उष्ण हंगामातली: हरळी म्हणजेच बर्म्युडा, झॉयसिया, सेंट ऑगस्टीन, सेंटीपीड. ही गरमीत जोरात वाढतात आणि थंडीत पिवळी पडून झोपतात. थंड हंगामातली: टॉल फेस्क्यू, केंटकी ब्लूग्रास, पेरेनियल रायग्रास, बेंटग्रास. यांची खरी वाढ वसंतात आणि शरदात, उन्हाळ्यात ही कशीबशी तग धरतात.

हे का महत्त्वाचं ते एका उदाहरणावरून बघा. मेसोट्रायोन नावाचं औषध ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू आणि रायग्रासवर चालतं, इतकं की ही तिन्ही पेरतानाही ते वापरता येतं. तेच औषध झॉयसियावर किंवा हरळीवर मारलं तर लॉन पांढरंफटक पडतं आणि झॉयसियाचं तर चांगलंच नुकसान होतं. बेंटग्रासलाही ते मारतं, उलट ब्लूग्रासमध्ये घुसलेलं बेंटग्रास काढायलाच लोक ते वापरतात. औषध तेच, एकाचं तण दुसऱ्याचं लॉन.

लॉन लावलं तेव्हाची बियाण्याची पिशवी किंवा रोपवाटिकेची पावती असेल तर शोधा. मिश्र बियाणं असेल तर त्यातली प्रत्येक जात लेबलवर "सहन करते" या यादीत हवी, तीनपैकी दोन असून उपयोग नाही.

पायरी दुसरी: शत्रू ओळखा, आणि गुडघे टेकून ओळखा

उभं राहून सगळं गवत हिरवंच दिसतं. एक रोप मुळासकट उपटा आणि पान जिथे खोडाला जोडलेलं असतं तिथे बघा. पान थोडं मागे ओढलं की सांध्यात एक बारीक जिभली दिसते, कुणात पारदर्शक पापुद्र्यासारखी, कुणात नुसती केसांची झालर. मग सगळ्यात कोवळं, अजून न उघडलेलं पान चिमटीत धरून बघा, ते सुरळीसारखं गुंडाळलेलं आहे की मधोमध घडी घातलेलं आहे. या दोन खुणांवर अर्धी ओळख होते, भिंग असेल तर उत्तमच, मोबाईलचा कॅमेरा झूम करूनही चालतं.

क्रॅबग्रास: वर्षायू, म्हणजे एका हंगामात उगवून बी टाकून मरणारं. फिकट हिरवं, पानं रुंद, खोडं जमिनीलगत आडवी पसरतात आणि पेरांवर मुळं फुटतात. कोवळं पान गुंडाळलेलं, जिभली पापुद्र्याची आणि चांगली उंच. मोठ्या जातीच्या क्रॅबग्रासवर लव असते, हाताला लगेच लागते. तुरा बोटांसारखा फाकलेला.

गूसग्रास: हे नाचणीचं अगदी जवळचं नातेवाईक आणि बरेच लोक याला क्रॅबग्रासच समजतात. फरक बुडाशी आहे. गूसग्रासचं बूड चपटं आणि पांढरं-चंदेरी असतं, सगळे फुटवे एका मध्यातून चाकाच्या आऱ्यांसारखे बाहेर निघतात आणि कोवळं पान घडी घातलेलं असतं. तुडवलेल्या, घट्ट झालेल्या जमिनीत, पायवाटेच्या कडेला हमखास. हा गोंधळ महागात पडतो कारण क्रॅबग्रासवर हुकमी चालणारं क्विनक्लोरॅक गूसग्रासला काहीही करत नाही.

पोआ अन्युआ म्हणजे वार्षिक ब्लूग्रास: थंडीतलं तण. पोपटी रंगाचे छोटे झुपके, पानाचं टोक होडीच्या नाळेसारखं, आणि कितीही खाली कटिंग केलं तरी पांढरट तुरे काढतंच. गोल्फच्या ग्रीनवर काही मिलिमीटरवर कापलेलं असतानाही ते बी धरतं, यावरून काय चिवट ते समजा. एक लक्षात ठेवा, केंटकी ब्लूग्रासचं टोकही होडीसारखंच असतं, नुसतं टोक बघून लॉन उपटायला घेऊ नका.

लव्हाळा, ज्याला नागरमोथा म्हणतात: हे मुळात गवत नाहीच. खोड दोन बोटांत धरून फिरवा, तीन धारा लागल्या की लव्हाळा. पानं चकचकीत, कटिंगनंतर दोन दिवसांत लॉनच्या वर डोकं काढून उभी. गवतावरची बहुतेक औषधं याला लागू पडत नाहीत, याची औषधं वेगळी.

आणि शेवटी हरळी. एकाचं आवडतं लॉन, पण फेस्क्यूच्या लॉनमध्ये घुसली की डोक्याला ताप. जिभलीच्या जागी केसांची झालर, जमिनीवरून आणि जमिनीखालून दोन्हीकडून धावते.

पायरी तिसरी: वर्षायू असेल तर वेळ आधीच गाठा

क्रॅबग्रास, गूसग्रास, पोआ ही बियांवर जगणारी. यांना उगवण्याआधी अडवणं हे उगवल्यावर मारण्यापेक्षा कितीतरी सोपं, स्वस्त आणि लॉनला कमी त्रासाचं. यासाठीची औषधं म्हणजे प्रोडायमिन, पेंडीमेथालिन, डायथायोपिर, ऑक्साडायझॉन वगैरे. यातली पहिली तीन पेशींची विभागणी थांबवतात, त्यामुळे कोंबाच्या मुळाचं टोक जाड होऊन तिथेच अडतं. डायथायोपिरचा एक फायदा असा की थोडा उशीर झाला आणि क्रॅबग्रास उगवून एक-दोन पानांवर असलं तरी ते फुटवे फुटायच्या आत पकडतं. ऑक्साडायझॉन मुळांची वाढ रोखत नाही म्हणून कांड्या लावून केलेल्या नव्या हरळीच्या लॉनवर त्याला पसंती असते.

वेळ कॅलेंडरवरून ठरवू नका, जमिनीच्या तापमानावरून ठरवा. साधा मातीचा थर्मामीटर ५ सेंटीमीटर खोल खुपसायचा, रोज सकाळी त्याच वेळी बघायचं. थंडी संपून हे तापमान सलग काही दिवस १० ते १३ अंश सेल्सियसच्या आसपास आलं की क्रॅबग्रास उगवायला लागतं, म्हणजे औषध त्याआधी जमिनीत असायला हवं. गूसग्रास जरा उशिरा, जमीन आणखी तापल्यावर. पोआचं उलटं, उन्हाळा ओसरून जमीन २१ अंशांच्या खाली यायला लागली की ते उगवतं, त्यामुळे त्याच्यासाठीचं उगवणपूर्व औषध शरदात. आणि जिथे जमीन इतकी थंड होतच नाही तिथे उगवण तापमानापेक्षा ओलीवर चालते, तिथे पहिल्या मोठ्या पावसाच्या आधी.

औषध टाकलं की त्याला पाणी हवंच, साधारण १२ मिलिमीटर, म्हणजे ते पानावरून धुऊन मातीत उतरतं. लॉनवर दोन-चार रिकामे डबे ठेवून स्प्रिंकलर चालू करा, डब्यात १२ मिलिमीटर भरलं की बंद. पाणी न देता आठवडाभर तसंच राहिलं तर उन्हाने काही औषधं उडून किंवा विघटित होऊन जातात, पेंडीमेथालिन तर विशेष, आणि मग लोक म्हणतात औषध डुप्लिकेट होतं.

तण दीर्घकाळ उगवत राहत असेल तर एकदाच पूर्ण डोस देण्याऐवजी दोन हप्त्यांत, सहा-आठ आठवड्यांच्या अंतराने द्या, वर्षाची एकूण मर्यादा लेबलवर असते ती ओलांडायची नाही. आणि हा थर बसल्यावर उगाच दाताळ्याने जमीन खरवडू नका.

पुन्हा सांगतो, येत्या काही महिन्यांत बी पेरायचा विचार असेल तर यातलं बहुतेक काहीही टाकू नका, तुमचं बी आणि तणाचं बी यांत ते फरक करत नाही. त्याला अपवाद सिड्युरॉन आणि वर सांगितलेलं मेसोट्रायोन, तेही लेबलवर दिलेल्या जातींपुरतेच.

पायरी चौथी: उगवलंच असेल तर कुठलं औषध

इथे जोड्या लावतो, पण तुमच्याकडे कुठलं औषध लॉनसाठी नोंदणीकृत आहे ते तुमच्या लेबलवरच बघायचं. शेतासाठी विकलेलं तेच रसायन लॉनवर चालेलच असं नाही.

क्रॅबग्रास असेल तर क्विनक्लोरॅक. ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, रायग्रास, हरळी, झॉयसिया ही सहसा सहन करतात. सेंट ऑगस्टीन आणि सेंटीपीडवर चालत नाही. याची एक विचित्र सवय आहे: रोप अगदी लहान असताना छान मारतं, फुटवे भरपूर फुटून मोठं झाल्यावरही मारतं, पण मधल्या टप्प्यात, दोन-चार फुटव्यांवर असताना कमी पडतं. त्या टप्प्यात असाल तर सरळ दुसरं औषध घ्या किंवा थोडं थांबा. यासोबत मिथिलेटेड सीड ऑइल म्हणजे तेलाचा सहायक (औषध पानावर पसरून आत शिरायला मदत करणारा) लागतोच, त्याशिवाय मारलं तर निम्मा परिणाम.

फेनॉक्साप्रॉप क्रॅबग्रास आणि गूसग्रास दोन्हीवर चालतं, पण लहान असताना, फुटवे वाढले की जोर कमी. थंड हंगामाच्या लॉनवर आणि झॉयसियावर वापरतात, हरळीवर नाही, ती भाजते. आणि हे २,४-डी सोबत एका टाकीत कधीही मिसळू नका. "एकाच फेरीत दोन्ही कामं" म्हणून लोक करतात, पण २,४-डी याचा परिणाम मारून टाकतं. रुंद पानांची फवारणी वेगळ्या दिवशी, मध्ये लेबलवर लिहिलेलं अंतर सोडून.

गूसग्रास मोठं झालेलं असेल तर टोप्रामेझोन थंड हंगामाच्या लॉनवर (बेंटग्रास सोडून) चांगलं चालतं. हेही मेसोट्रायोनच्या गटातलं, तण आधी पांढरं पडतं मग तपकिरी. लॉनही थोडे दिवस फिकं दिसू शकतं, घाबरून पुन्हा फवारू नका.

हरळी फेस्क्यूमध्ये घुसली असेल तर मनाची तयारी ठेवा, हे एका हंगामाचं काम नाही. फ्लुअझिफॉप आणि ट्रायक्लोपिर एकत्र करून, साधारण चार आठवड्यांच्या अंतराने, लेबल सांगेल तितक्या वेळा. यातलं ट्रायक्लोपिर हरळीला दणका देतंच शिवाय फेस्क्यूला फ्लुअझिफॉपपासून थोडं संरक्षणही देतं, असा दुहेरी उपयोग. उन्हाळ्याच्या ऐन भरात मारायचं नाही, हरळी जागी होताना आणि झोपी जायच्या आधी मारलेलं जास्त लागतं. तरी पूर्ण संपेल याची खात्री नाही, दबून राहते इतकंच.

हरळीच्या लॉनमधल्या पोआसाठी सल्फोनिल्युरिया गटातली फोरामसल्फ्युरॉन, ट्रायफ्लॉक्सिसल्फ्युरॉन वगैरे आहेत. हरळी थंडीने पूर्ण पिवळी पडून झोपली असेल तर काही ठिकाणी सरळ ग्लायफोसेट मारून हिरवं तेवढं मारतात, पण "पूर्ण" हा शब्द फार महत्त्वाचा. बोटांनी गवत बाजूला करून बुडाशी बघा, एकही हिरवा कोंब दिसला तर थांबा. पेरेनियल रायग्रासमधल्या पोआवर इथोफ्युमेसेट वापरतात.

लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन किंवा सल्फेंट्राझोन. सल्फेंट्राझोन काही दिवसांतच पानं करपवतं, बघून समाधान होतं, पण जमिनीखालच्या गाठींपर्यंत काम करायला हॅलोसल्फ्युरॉन बरं. ते दोन-तीन आठवडे काहीच झालं नाही असं वाटायला लावतं आणि मग हळूहळू पिवळं पाडतं. सहा ते दहा आठवड्यांनी दुसरी फेरी लागते कारण राहिलेल्या गाठी फुटतात. हाताने उपटून हे जात नाही, गाठी एकीला एक साखळीसारख्या जोडलेल्या असतात, वरचं उपटलं की खालची जागी होते.

आणि काही जोड्यांना सोयीचं निवडक औषध सहजासहजी मिळत नाही. ब्लूग्रासच्या लॉनमध्ये खरबरीत टॉल फेस्क्यूचे गुच्छ, किंवा क्वॅकग्रास नावाचं जमिनीखालून पसरणारं गवत, अशा ठिकाणी निवडक काहीतरी शोधत बसण्यापेक्षा गुच्छ मुळासकट खणून काढा, नाहीतर ग्लायफोसेट स्पंजने किंवा ब्रशने फक्त त्या पानांना लावा आणि नंतर तिथे पुन्हा पेरा. सेंट ऑगस्टीनवाल्यांकडे उगवलेल्या गवतासाठी पर्याय फारच कमी, त्यांनी उगवणपूर्व औषधावरच भर द्यावा.

पायरी पाचवी: पंप मोजून घ्या, हे टाळूच नका

लेबलवर डोस क्षेत्रफळावर असतो आणि लोक विचारतात "एका पंपाला किती झाकणं". एक पंप किती जागेत संपतो हे प्रत्येकाच्या चालण्यावर आणि नोझलवर अवलंबून, म्हणून झाकणाचं उत्तर कुणाकडेच नसतं.

मोकळ्या फरशीवर नाही, लॉनवरच, कारण चाल वेगळी पडते, १० मीटर बाय ५ मीटरचा चौकोन दोरीने आखा. पंपात मोजून साधं पाणी भरा, चपटा पंखा पडणारा फ्लॅट फॅन नोझल लावा, नेहमीच्या चालीने तो चौकोन एकदा फवारा. नोझल जमिनीपासून साधारण ४५-५० सेंटीमीटर, एकाच उंचीवर, हात डावीकडे-उजवीकडे झुलवायचा नाही, झुलवलं की कडेला दुप्पट पडतं आणि मध्ये कोरडं. मग पंपात किती पाणी कमी झालं ते मोजा. समजा अडीच लिटर गेलं, तर १०० चौरस मीटरला ५ लिटर, म्हणजे हेक्टरी ५०० लिटर. दोन-तीनदा करून सरासरी घ्या.

आता हिशोब. समजा लेबलवर हेक्टरी २ लिटर औषध लिहिलंय आणि तुमचं लॉन १८० चौरस मीटर. हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, म्हणून १०० चौरस मीटरला २० मिली, १८० ला ३६ मिली. पाणी १०० ला ५ लिटर म्हणजे १८० ला ९ लिटर. झालं, ९ लिटर पाण्यात ३६ मिली आणि ते बरोबर १८० चौरस मीटरवर संपायला हवं. सगळ्यात बरं म्हणजे अर्धं औषध उभ्या पट्ट्यांत आणि अर्धं आडव्या पट्ट्यांत, साधारण दुप्पट वेगात चालून. पट्टे सुटत नाहीत.

मिली मोजायला सुई नसलेली सिरिंज, ग्रॅम मोजायला दशांश दाखवणारा काटा. हॅलोसल्फ्युरॉनसारख्या ७५ टक्के दाणेदार औषधाचा डोस हेक्टरी शंभर ग्रॅमच्याही आत असतो, म्हणजे १०० चौरस मीटरला एक ग्रॅमपेक्षा कमी. तिथे चमच्याचा अंदाज म्हणजे जुगार. आणि या वस्तू पुन्हा घरात वापरायच्या नाहीत, त्यांच्यावर मार्करने लिहून औषधासोबतच कुलपात.

पायरी सहावी: फवारणीचा दिवस

दोन दिवस आधी कटिंग बंद, पानं असतील तरच औषध बसेल ना. आदल्या दिवशी पाणी द्या, जमीन वापशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असू द्या. सकाळी दव सुकल्यावर, वारा मंद असताना, ऊन चढायच्या आत. हवा ३० अंशांच्या वर जाणार असेल तर बहुतेक उगवणपश्चात औषधांसाठी तो दिवस सोडा. वारा अजिबात नसलेली पहाटही फसवी असते, थंड हवा खाली साचलेली असते आणि बारीक थेंब तरंगत शेजारच्या फुलझाडांवर जाऊन बसतात. पाऊस किती तासांनी चालेल ते लेबल बघा आणि उगवणपश्चात औषध असेल तर पुढचे २४ तास स्प्रिंकलरचा टायमर बंद करा, हे हमखास विसरलं जातं.

पूर्ण बाह्या, फुल पँट, बंद बूट, रसायनाला चालणारे हातमोजे, मिसळताना चष्मा. मुलं आणि पाळीव प्राणी पूर्ण सुकेपर्यंत लॉनपासून लांब.

मिसळताना आधी टाकीत निम्मं पाणी, मग दाणेदार किंवा पावडर औषध आणि नीट ढवळणं, मग पातळ औषध, शेवटी सहायक, मग उरलेलं पाणी. नॉन-आयॉनिक सहायक सांगितला असेल तर ०.२५ टक्के म्हणजे लिटरला अडीच मिली. भांड्याचा साबण टाकू नका, फेस होतो आणि पानावर काय करेल सांगता येत नाही. ज्या पंपाने कधी २,४-डी मारलंय तो फुलझाडांसाठी तर अजिबातच नको, जमलं तर तणनाशकाचा पंप कायमचा वेगळाच ठेवा.

पहिल्यांदाच वापरत असाल तर कोपऱ्यातल्या एक-दोन चौरस मीटरवर मारून दोन आठवडे बघा. घाई असते मान्य, पण अख्खं लॉन पांढरं झाल्यावर घाईचा काही उपयोग नसतो.

नंतरचं

पुढचे दोन दिवस कटिंग नाही. तण मरायला औषधाप्रमाणे एक ते तीन आठवडे लागतात, चौथ्या दिवशी "काही झालं नाही" म्हणून पुन्हा मारलं की डोस दुप्पट आणि लॉनची वाट लागते. दुसरी फेरी लेबलवरच्या अंतरानेच. नवीन लॉन असेल तर, वर सांगितलेले अपवाद सोडून, किमान तीन-चार वेळा कटिंग होईपर्यंत यातलं काही मारू नका.

कापलेलं गवत कुठे टाकता त्याकडे लक्ष द्या. क्विनक्लोरॅक मारलेल्या लॉनचं गवत कंपोस्टमध्ये किंवा भाजीच्या वाफ्यात गेलं तर टोमॅटोची पानं वळलेली दिसतील, टोमॅटोला ते फार लवकर लागतं. कापलेलं लॉनवरच पडू देणं सगळ्यात सोपं.

मेलेल्या तणाच्या जागी मोकळी माती राहते आणि ती रिकामी राहत नाही, तिथे बी पेरायचं असेल तर औषधाचा पेरणीपूर्व कालावधी लेबलवर बघून तो संपला की लगेच पेरा. टॉल फेस्क्यू असेल तर कटिंगची उंची साडेसात ते दहा सेंटीमीटर ठेवा, सावलीने क्रॅबग्रासचं बी कमी उगवतं. गूसग्रास दरवर्षी त्याच पट्ट्यात येत असेल तर तिथली घट्ट जमीन भोकं पाडून मोकळी केल्याशिवाय ते थांबत नाही, औषध कितीही भारी आणलं तरी.

एका वहीत तारीख, औषधाचं नाव आणि त्याचा गट (ते तणावर कसं काम करतं त्यावरून पडलेला) लिहून ठेवा, लेबलवर गटाचा नंबर बहुतेक असतो. पोआ आणि गूसग्रासमध्ये औषधाला दाद न देणारे वाण तयार झालेत आणि ते तयार होतात एकाच गटाचं औषध वर्षानुवर्षं मारल्यामुळे. दुकानात नाव वेगळं दिसलं तरी गट तोच असू शकतो, त्यामुळे पुढच्या हंगामात औषध घेताना ती वही सोबत न्या आणि नंबर ताडून बघा.